अमेरिका वाचण्याचे सहा आठवडे

अमेरिकेचा इतिहास, साहित्य आणि समाजजीवन एकत्र अभ्यासणाऱ्या आंतरराष्ट्रीय चर्चासत्रांची परंपरा सांगायची तर सुरुवात ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपासून करावी लागते. दुसरे महायुद्ध संपून दोन वर्षे झाली होती. साल्झबुर्ग अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होते. अशा वेळी, १९४७ च्या उन्हाळ्यात, युरोपच्या निरनिराळ्या देशांतून शंभराच्या आसपास तरुण लिओपोल्डस्क्रोन नावाच्या प्रासादात सुमारे सहा आठवडे मुक्कामाला आले. ही कल्पना हार्वर्ड विद्यापीठातल्या तिघांची: क्लेमेन्स हेलर हा मूळचा ऑस्ट्रियन संशोधक विद्यार्थी, रिचर्ड कॅम्पबेल हा पदवीचा विद्यार्थी आणि स्कॉट एलेज हे इंग्रजीचे अध्यापक. विद्यापीठाच्या प्रशासनाने त्यांना पाठबळ दिले नाही, तेव्हा विद्यार्थी परिषदेने पुढाकार घेऊन पैसे उभे केले. त्याच वर्षी जूनमध्ये जॉर्ज मार्शल यांनी हार्वर्डमध्येच युरोपच्या आर्थिक उभारणीची योजना मांडली. हे तिघे त्याआधीच कामाला लागले होते.

प्रासादाचा इतिहासही या विषयाशी जोडलेला आहे. तो अठराव्या शतकात साल्झबुर्गचा आर्चबिशप फिर्मियान याने बांधला. याच धर्मगुरूने आपल्या राज्यातल्या वीस हजारांहून अधिक प्रॉटेस्टंटांना हद्दपार केले होते. १९१८ मध्ये नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्ट यांनी तो विकत घेतला. ते ज्यू असल्याने नाझींनी १९३८ मध्ये तो बळकावला आणि राइनहार्ट १९४३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये परागंदा अवस्थेत वारले. त्यांच्या पत्नी हेलेने टिमिग यांनी युद्धानंतर ती वास्तू चर्चासत्रासाठी वापरायला दिली. दोनदा माणसांना देशोधडीला लावणाऱ्या घटनांशी नाते असलेल्या या जागी कालपर्यंतचे शत्रू एका टेबलाशी जेवले, याचे मोल मोठे आहे. युद्धात जर्मन सैन्याचा गणवेश घातलेले ऑस्ट्रियन तरुण आणि नाझींविरुद्ध भूमिगत लढलेले तरुण तिथे शेजारी शेजारी बसून एकच पुस्तक वाचत होते.

शिकवायला आलेली मंडळीही तोलामोलाची होती. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड, पुढे नोबेल मिळवणारे अर्थशास्त्रज्ञ वासिली लिऑन्टिफ, समीक्षक अल्फ्रेड केझिन आणि एफ. ओ. मॅथिसन. यांतले मॅथिसन विशेष महत्त्वाचे. १९४१ मध्ये आलेल्या ‘अमेरिकन रेनेसान्स’ या त्यांच्या ग्रंथाने इमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेलव्हिल आणि व्हिटमन या पाच लेखकांना एका काळाचे, एका लोकशाही आकांक्षेचे लेखक म्हणून उभे केले होते. मॅथिसन उघडपणे समाजवादी होते. अमेरिकेच्या भांडवलशाहीवर आणि वर्णभेदावर टीका करणारा माणूस अमेरिकी सैन्याच्या ताब्यातल्या शहरात अमेरिकी साहित्य शिकवतो, हे तिथल्या काही लष्करी अधिकाऱ्यांना खटकले. युरोपातल्या तरुणांना मात्र त्यातूनच या उपक्रमाचा विश्वास वाटला. स्वतःच्या देशाचे दोष परक्यांसमोर मांडणारा शिक्षक प्रचारक असू शकत नाही, हे त्यांनी ओळखले. वर्षानुवर्षे सरकारी प्रचार ऐकलेल्या पिढीला तो फरक समजावून सांगावा लागला नाही.

इथेच या चर्चासत्रांचे मर्म आहे. एखाद्या देशाच्या संस्कृतीचा अभ्यास त्या देशाच्या पैशावर चालतो तेव्हा तो अभ्यास राहतो की जाहिरात होते, हे वक्त्यांना किती मोकळीक आहे यावर ठरते. साल्झबुर्गने ही मोकळीक पुढेही बऱ्याच अंशी टिकवली. १९५४ मध्ये ‘इन्व्हिजिबल मॅन’चे लेखक राल्फ एलिसन तिथे शिकवायला गेले. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतले वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले होते. कृष्णवर्णीय माणूस आपल्याच देशात अदृश्य कसा होतो, यावर कादंबरी लिहिणारा लेखक अशा वेळी युरोपीय श्रोत्यांसमोर उभा राहिला. त्याच वर्षी अमेरिकाविषयक अभ्यास करणाऱ्यांची युरोपीय संघटनाही स्थापन झाली.

जपानमध्ये हीच वाट वेगळ्या तऱ्हेने मळली. तिथे १९५० मध्ये टोकियोत आणि पाठोपाठ क्योटोत उन्हाळी सत्रे सुरू झाली. त्यांत सर्वांत संस्मरणीय ठरले ते १९५५ च्या ऑगस्टमध्ये नागानो येथे भरलेले अमेरिकी साहित्याचे सत्र. अमेरिकी परराष्ट्र खात्याने त्यासाठी विल्यम फॉकनर यांना पाठवले. गर्दीत न रमणारा, विद्वत्तेचा कोणताही दावा न करणारा हा कादंबरीकार जपानी प्राध्यापकांच्या प्रश्नांना दिवसेंदिवस शांतपणे उत्तरे देत राहिला. जपानी तरुणांना त्याने सांगितले की, त्याचा स्वतःचा दक्षिणेकडचा प्रांतही यादवी युद्धात हरला होता, तिथेही जेत्यांचे सैन्य येऊन बसले होते, आणि अशा पराभवातूनच साहित्य उभे राहते. दक्षिणेचे ते युद्ध गुलामगिरी टिकवण्यासाठी होते, ही बाब या तुलनेत बाजूला पडते. अभ्यासकाने ती विसरता कामा नये. तरीही जेत्या देशाच्या लेखकाने हरलेल्यांशी हरलेला म्हणून बोलावे, ही त्या सत्राची कमाई होती. ती प्रश्नोत्तरे पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने आली आणि फॉकनरच्या अभ्यासकांना आजही लागतात.

या साऱ्याची दुसरी बाजू शीतयुद्धाची आहे. विद्यार्थी-प्राध्यापकांच्या देवाणघेवाणीचा अमेरिकेचा फुलब्राइट कायदा १९४६ चा. भारताशी तसा करार १९५० मध्ये झाला. पुढे सरकारी पैशाबरोबर रॉकफेलर आणि फोर्ड प्रतिष्ठानांचाही पैसा या क्षेत्रात आला. ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ या साम्यवादविरोधी विचारवंतांच्या संस्थेमागे सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा पैसा असल्याचे १९६७ मध्ये उघड झाले. याच संस्थेच्या छत्राखाली १९५१ मध्ये मुंबईत मोठी परिषद भरली होती, त्यामुळे त्या गौप्यस्फोटाचे पडसाद इथेही उमटले. त्यात गुंतलेल्या कितीतरी लेखकांना पैशाचा उगम ठाऊक नव्हता. त्यांच्या प्रामाणिकपणावर शिंतोडे उडाले, हे या गुप्ततेचे सर्वांत वाईट फळ.

भारतात या अभ्यासाचे मुख्य केंद्र हैदराबादला झाले. उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात १९६४ मध्ये ‘अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर’ उभे राहिले. अमेरिकेच्या पीएल-४८० या अन्नसाहाय्य कायद्याखाली आलेल्या गव्हाची किंमत भारत रुपयांत चुकती करत असे. अमेरिकेच्या खात्यात साचलेल्या अशा रुपयांचा काही भाग शिक्षणाकडे वळला. हैदराबादच्या केंद्राची खरी श्रीमंती त्याचे ग्रंथालय. देशाच्या कानाकोपऱ्यातले इंग्रजीचे आणि इतिहासाचे प्राध्यापक अभ्यासवृत्ती घेऊन तिथे येत, वसतिगृहात राहत, चर्चासत्रांत निबंध वाचत. आपल्या महाविद्यालयात अमेरिकी कादंबरीची एकही प्रत नसलेल्या माणसाला तिथे कपाटेच्या कपाटे उघडी मिळत. १९९० नंतर अमेरिकेचा पैसा आटला, केंद्राचे नाव आणि स्वरूप बदलले, आणि त्या तोडीचे दुसरे ठिकाण भारतीय विद्यापीठांनी स्वतःच्या पैशाने उभे केले नाही. हे चुकलेच.

दरम्यान अभ्यासाची दिशाही पालटली. अमेरिकेच्या सीमेत बसवलेले तिचे चित्र अपुरे आहे. गुलामांचा व्यापार, स्थलांतर, युद्धे आणि बाजार यांमुळे तिचा इतिहास जगभर सांडलेला आहे, ही भूमिका आता सर्वमान्य आहे. या भूमिकेला महाराष्ट्राकडे भक्कम आधार आहे. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. जनार्दन वाघमारे यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याची आणि संस्कृतीची ओळख मराठीत पुस्तक लिहून करून दिली. त्याही आधी, १९४६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या निवेदनाची प्रत मागवली होती, आणि डू बॉइस यांनी जुलैअखेरीस त्यांना उत्तरही पाठवले. अमेरिकेच्या इतिहासावरचे पुढचे आंतरराष्ट्रीय चर्चासत्र छत्रपती संभाजीनगरला किंवा नागपूरला भरवायचे असेल, तर पहिल्या दिवसाचा विषय म्हणून हा पत्रव्यवहार घ्यावा. आणि साल्झबुर्गप्रमाणे सहभागींना काही आठवडे एकत्र राहू द्यावे, कारण दोन दिवसांत निबंध वाचून होतात, पुस्तके वाचून होत नाहीत.