परक्या हृदयाच्या रोहिण्या

भोर-वेल्ह्याकडील माळी आंब्याचें कलम बांधतांना खुंट व डहाळी यांची साल जुळली कीं निर्धास्त होतो. वृक्षांस आपपरभाव फारसा नाहीं. प्राण्यांस तो फार. रक्तवाहिन्या टांक्यांनीं सांधण्याची युक्ति काढून १९१२ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे अलेक्सिस कॅरेल यांनाहि हाच अनुभव आला. एका कुत्र्याचें मूत्रपिंड दुसऱ्यास बसविलें, तर टांका उत्तम राही, मूत्रपिंड मात्र लौकरच निकामी होई.

मुंबईच्या केईएम रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून हात बसविला व १९६८ च्या फेब्रुवारींत एका रोग्याचें हृदय बदललें. भारतांतील तो पहिलाच यत्न. रोगी कांहीं तासांतच दगावला.

पुढें २०१५ च्या ऑगस्टांत पुण्याचें हृदय विमानानें मुंबईस नेऊन बसविण्यांत आलें. पण शस्त्रक्रिया साधली म्हणजे संकट टळलें असें नव्हे. यजमान शरीराच्या श्वेतपेशी परक्या रोहिण्यांच्या आंतील अस्तरास इजा करितात. ती भरून काढतांना स्नायुपेशी बेसुमार वाढतात आणि मार्ग अरुंद होत जातो. नेहमींच्या हृद्रोगांत रोहिणी एखाददुसऱ्या जागीं तुंबते. भाटघरचें पाणी वाहणाऱ्या नीरेच्या कालव्यांत दरड कोसळावी तशी. ती दूर करितां येते. येथें मात्र कालव्याच्या तोंडापासून शेवटच्या चारीपर्यंत सर्वत्र गाळ! उपसावा कोठून? शिवाय नव्या हृदयाचे ज्ञानतंतु तुटलेले, म्हणून छातींत कळहि बहुधा येत नाहीं. चोर घरांत शिरावा आणि कोणासच चाहूल लागूं नये, अशी ही स्थिति.

यावरील एक औषध मातींतून मिळालें. १९६४ सालीं निघालेल्या एका कॅनेडियन मोहिमेनें पॅसिफिकमधील रापानुई बेटावरची माती आणली. तींतील सूक्ष्म जंतूपासून बनारसला शिकलेले सुरेंद्रनाथ सेहगल व त्यांचे सहकारी यांनीं रॅपामायसीन वेगळें काढलें. आरंभीं तें बुरशीवरचें औषध समजलें गेलें. कंपनीनें काम थांबविलें, तेव्हां सेहगलांनीं तो जंतु घरच्या शीतकपाटांत आइस्क्रीमच्या डब्यांत जपून ठेविला, असें सांगतात. गृहिणींनीं येथें सेहगलबाईंच्या सोशिकपणाचेंहि कौतुक करावें!

हें औषध श्वेतपेशींस आवरतें आणि स्नायुपेशींची वाढहि रोखतें. खरी मौज ह्या दुसऱ्या गुणांत आहे. उंदरांच्या रोपित रोहिण्यांत अस्तराची जाडी त्यानें कमी राहिली. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या माकडांवरील प्रयोगांत तर रोग सुरू झाल्यावर औषध देऊनहि तो थांबला, कांहींसा मागेंहि हटला. २००३ सालीं त्याच कुळांतील एव्हरोलिमसचा ६३४ हृदयरोपित रोग्यांवरील अनुभव प्रसिद्ध झाला; जुन्या अ‍ॅझाथायोप्रीनपेक्षां त्यानें रोहिण्यांचें रक्षण अधिक झालें.

मात्र पेशींची वाढ रोखणारें औषध जखमहि सावकाश भरूं देतें व रक्तांतील स्निग्धांश वाढवितें. म्हणून पुष्कळ ठिकाणीं वैद्य आधीं छातीची जखम भरूं देतात आणि मगच त्यास हात घालतात.