लाईटला धातूच्या कणांची जोड

घरात कुणाला कर्करोग निघाला की ‘अम्मीला पंचवीस लाईट सांगितल्यात’ असे आपण बोलू लागतो. लाईट म्हणजे किरणोपचार. या उपचाराची अडचण जुनीच आहे. किरण गाठीपर्यंत जाताना वाटेतल्या निरोगी मांसालाही भाजतात. त्यामुळे मात्रा हवी तेवढी वाढवता येत नाही.

मात्रा तीच ठेवून गाठीतच तिचा परिणाम वाढवता येईल का? यासाठी शास्त्रज्ञांनी हाफनियम या जड धातूच्या ऑक्साईडचे कण वापरून पाहिले. एका केसाच्या जाडीत हजाराहून अधिक कण मावतील, इतके ते बारीक असतात. लाईट सुरू होण्यापूर्वी ते एकदाच सुईने थेट गाठीत सोडतात. जड अणू मांसापेक्षा क्ष-किरण जास्त शोषतात आणि इलेक्ट्रॉन बाहेर टाकतात. ते आसपासच्या रोगट पेशींना मारतात. किरण थांबले की कण नुसते पडून राहतात.

पॅरिसच्या नॅनोबायोटिक्स कंपनीच्या या औषधाची हातापायांच्या व धडाच्या मऊ ऊतींतील सार्कोमा या कर्करोगावर चाचणी झाली. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीत जिवंत रोगट पेशी जवळजवळ उरल्या नाहीत, असे रुग्ण नुसत्या लाईटने ८ टक्के, तर कणांसह १६ टक्के निघाले. २०१९ साली युरोपात या रोगापुरती त्याला मान्यता मिळाली. प्रमाण दुप्पट झाले खरे, पण शंभरातल्या चौऱ्याऐंशींना तेवढा गुण आला नाही, हेही आम्ही सांगितले पाहिजे.

आपल्या घरांशी याचा संबंध तंबाखू, मिश्री, गुटख्यामुळे येतो. तोंड व घशाच्या कर्करोगातही, ज्या वृद्धांना सिस्प्लाटिन हे केमोचे औषध सोसत नाही त्यांच्यावर, या कणांच्या मोठ्या चाचण्या २०२२ पासून सुरू झाल्या. म्हणून ‘नॅनो’ नाव लावून कुणी पूड किंवा काढा विकत असेल तर भुलू नका. हे कण पोटात घ्यायचे नाहीत आणि किरणांवाचून त्यांचा उपयोगही नाही.

नव्या औषधाच्या आशेने आजची लाईट थांबवू नका. तोंड सोलले, घास गिळवेना, तरी मनाने खाडा करू नका, डॉक्टरांना सांगा. आणि तोंडातला फोड तीन आठवड्यांत भरला नाही, तर दुआ जरूर करा, पण तपासणीही त्याच आठवड्यात करून घ्या.