आधी काय घडले?

सातवीच्या सहामाही परीक्षेत मराठीच्या पेपरात मी एका मुलाचे चार गुण कापले होते. गोष्ट जुनी आहे, पण ते चार गुण अजून माझ्या नावे उधार आहेत. प्रश्न नेहमीचाच होता : 'पुढील घटना योग्य क्रमाने लिहा.' धडा सुरू होत होता एका म्हाताऱ्या शिंप्याच्या बंद दुकानापाशी. मग त्याचे तरुणपण, गावात आलेला पूर, वाहून गेलेली मशीन आणि शेवटी पुन्हा ते दुकान. नमुना उत्तरात बंद दुकान पहिले होते, कारण पानावर ते पहिले होते. या मुलाने ते शेवटी लिहिले होते. मी लाल रेघ ओढली. पेपर वाटल्यावर तो टेबलापाशी आला. "सर, पूर यायच्या आधीच दुकान बंद कसं होईल?"

"उत्तर असंच आहे," मी म्हणालो आणि पुढच्या मुलाचे नाव पुकारले.

गोष्टीला दोन क्रम असतात. एक घडण्याचा, दुसरा सांगण्याचा. रशियन समीक्षकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या दोहोंना वेगळी नावेही दिली. आपली शाळा मात्र सांगण्याचा क्रम विचारते आणि घडण्याचा कळला असे मानून पुढे जाते. पान समोर ठेवून बोट खाली सरकवत नेले की उत्तर तयार. गोष्ट कळण्याची गरजच नाही.

लहान मुले जे आधी ऐकतात ते आधी घडले असे मानतात. ईव्ह क्लार्क या संशोधिकेने १९७१ साली इंग्रजी बोलणाऱ्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांत हे दाखवून दिले. मराठीत पडताळून पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. 'पाऊस आला तेव्हा बाबा घरी पोचले होते' हे वाक्य तिसरीच्या वर्गात सांगा आणि आधी काय झाले ते विचारा. 'पाऊस!' असे उत्तर हमखास येते. मग बाबा भिजले का, असे विचारले की वर्ग गोंधळतो. सारा निवाडा त्या 'होते'वर आहे. 'जेवून, हात धुऊन तो झोपला' यात अशी अडचण येत नाही, कारण तिथे भाषाच घटनांच्या मागोमाग चालते. गंमत अशी की व्याकरणाच्या तासाला आपण 'पूर्ण भूतकाळ ओळखा' म्हणून मुलांना छळतो आणि धड्याच्या तासाला त्याच पूर्ण भूतकाळाचा उपयोग काय, हे एकदाही सांगत नाही.

आणि हे घोळ काही मुलांचेच नाहीत. आपल्या मनातला संजय धृतराष्ट्राशेजारी बसून क्रिकेटचे समालोचन करावे तसे युद्ध सांगत असतो. पण महाभारताचे भीष्मपर्व उघडून पाहावे. संजय रणांगणावरून हस्तिनापुरात येतो आणि पहिली बातमी देतो ती भीष्म पडल्याची. म्हणजे युद्धाचे दहा दिवस उलटून गेले आहेत. त्यानंतर म्हातारा राजा शोक करतो, हे झाले कसे म्हणून विचारतो, आणि मग संजय सुरुवातीपासून सांगू लागतो. गीता येते ती या सांगण्यात. माझ्या आणि पांडूच्या मुलांनी काय केले, हा धृतराष्ट्राचा गीतेतला पहिला प्रश्न युद्धाआधीच्या उत्सुकतेचा नाही. भीष्म गेले हे ठाऊक असलेल्या बापाचा आहे. हा क्रम ध्यानात आला तेव्हा मला तो प्रश्न पहिल्यांदा ऐकू आला असे वाटले. तोवर मी तो वर्षानुवर्षे नुसता पाठ म्हणत होतो. द्रोण आणि कर्ण यांच्या पर्वांतही हीच रीत आहे : आधी मृत्यूची वार्ता, मग हकिकत. व्यासांना शेवट लपवायचा नाही. शेवट ठाऊक असूनही माणूस 'कसे?' म्हणून विचारतोच, हे त्यांना माहीत आहे.

वर्तमानपत्रही शेवटापासूनच सुरू होते. दगडफेक, जखमी, जमावबंदी हे वर, मोठ्या टायपात. भांडण कशावरून निघाले ते खाली कुठेतरी. जागा कमी पडली की बातमी खालून कापतात, म्हणजे बहुधा सुरुवातच कापली जाते. उरलेले वाचून आपण चहाच्या कपाबरोबर निकाल देऊन मोकळे होतो. शाळेच्या आवारातही तसेच. दुसरा फटका मारणारा सापडतो, पहिला कोणी पाहिलेला नसतो. मी स्वतः असे किती कान पिरगाळले असतील, हिशेब नको.

उपाय अगदी साधा आहे. तोच प्रश्न दोनदा विचारावा : लेखकाने कोणत्या क्रमाने सांगितले आणि प्रत्यक्षात कोणत्या क्रमाने घडले? दोन्ही उत्तरे वेगळी आली, तर लेखकाने बंद दुकान आधी का दाखवले, हे वर्गात बोलावे. तपासायला वेळ लागतो, हे खरे. साठ पेपरांचा गठ्ठा घरी नेणाऱ्याला नमुना उत्तराचा केवढा आधार असतो, ते मी जाणतो. तरीही पुढची काही वर्षे मी प्रश्न तसाच घातला. कुरकुर मुलांनी फारशी केली नाही, सहकाऱ्यांनी केली.

त्या मुलाचे गुण मात्र तेवढेच राहिले. मला चूक कळली तेव्हा निकालपत्रकावर माझी सही झाली होती.