नाताळच्या सुट्टीत गोव्याला जायचंय? मग रेल्वेच्या तिकिटाचं आधीच ठरवायला हवं!

2025 मध्ये नाताळ गुरुवारी आला. शुक्रवारची एक रजा टाकली की रविवारपर्यंत सलग चार दिवस मोकळे. त्यामुळे 24 डिसेंबरच्या रात्री मुंबईहून कोकण-गोव्याकडे सुटणाऱ्या गाड्या भरून जाणार, हे सांगायला ज्योतिषाची गरज नव्हती. पण या गाड्यांचं आरक्षण 25 ऑक्टोबरला, म्हणजे भाऊबीजेनंतर दोनच दिवसांनी सुरू झालं. फराळाचे डबे संपायच्या आत वर्षअखेरीचा बेत पक्का करावा लागला.

60 दिवस कसे मोजायचे?

1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेनं आगाऊ आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आणली. यात प्रवासाचा दिवस धरला जात नाही. सकाळी 8 वाजता बुकिंग सुरू होतं.

- 24 डिसेंबरचा प्रवास: 25 ऑक्टोबर
- 28 डिसेंबरचा परतीचा प्रवास: 29 ऑक्टोबर
- 1 जानेवारीचा परतीचा प्रवास: 2 नोव्हेंबर

म्हणजे जाण्याचं आणि येण्याचं तिकीट एकाच दिवशी काढता येणार नाही. जाण्याचं तिकीट हातात पडलं, तरी परतीचं मिळेल की नाही हे कळायला आणखी काही दिवस थांबावं लागेल.

मुदत कमी का केली?

61 ते 120 दिवस आधी काढलेल्या तिकिटांपैकी सुमारे 21 टक्के रद्द होतात, तर 5 टक्के प्रवासी तिकीट रद्दही करत नाहीत आणि प्रवासही करत नाहीत, असं रेल्वेनं म्हटलं होतं. चार महिने आधी रजा मंजूर होण्याची खात्री नसलेल्या नोकरदारांना या बदलाचा फायदाच झाला. मात्र त्याच कारणामुळे आता सगळे एकाच सकाळी मोबाइल घेऊन बसतात.

आरक्षण उघडताच संधी कोणाला?

1 ऑक्टोबर 2025 पासून आयआरसीटीसीच्या वेबसाइट आणि अ‍ॅपवर आरक्षण उघडल्यानंतरची पहिली 15 मिनिटं फक्त आधार पडताळणी झालेल्या खात्यांसाठी राखून ठेवण्यात आली. एजंट आणि बनावट खात्यांना आळा घालणं हा यामागचा हेतू. पण घरात कोणाच्याच खात्याची पडताळणी झालेली नसेल, तर सुरुवातीला नुसतं बघत बसावं लागेल. हे काम आदल्या दिवशीच उरकलेलं बरं. रेल्वेच्या तिकीट खिडकीवर मात्र नेहमीच्या वेळेतच आरक्षण मिळतं.

वेटिंग आलं तर?

ऑनलाइन तिकिटावरचे सगळे प्रवासी चार्ट तयार झाल्यावरही वेटिंगवर राहिले, तर ते तिकीट आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. खिडकीवरचं वेटिंग तिकीट असलं तरी स्लीपर किंवा एसी डब्यात बसता येत नाही. 1 मे 2025 पासून याची कडक अंमलबजावणी सुरू आहे. त्यातल्या त्यात एक दिलासा म्हणजे चार्ट आता गाडी सुटण्याच्या बरेच तास आधी लागतो. त्यामुळे बॅगा घेऊन स्टेशनवर ताटकळण्याआधी निकाल कळतो.

तत्काळचा पर्याय आहेच. एसीसाठी आदल्या दिवशी सकाळी 10 वाजता, बिगर-एसीसाठी 11 वाजता. पण एका तत्काळ तिकिटावर चारच प्रवासी बसतात. आजी-आजोबांसह सहा जण असतील तर दोन तिकिटं काढावी लागतात, आणि त्यातलं एकच कन्फर्म झालं तर घर दोन भागांत विभागलं जातं. शिवाय कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहीत.

मूळ प्रश्न सुटला का?

नाही. कोकण रेल्वेचा बहुतांश मार्ग आजही एकेरी आहे, त्यामुळे गर्दीच्या दिवसांत वाटेल तेवढ्या जादा गाड्या सोडता येत नाहीत. नियम बदलले तरी बर्थ तेवढेच आहेत. ते कोणाला मिळणार, एवढंच बदललं आहे. पूर्वी चार महिने आधी बेत आखणाऱ्याचं फावायचं, आता त्या सकाळी ठीक 8 वाजता तयार असलेल्याचं फावतं.

म्हणून सगळे एकत्र जमलेच, तर तीन गोष्टी ठरवून टाका: जाण्यायेण्याच्या तारखा, बुकिंग कोणाच्या खात्यावरून करायचं, आणि कन्फर्म तिकीट मिळालं नाही तर बेत काय.