हंगामाची बेरीज

एका दिवसाचा विजय सर्वांच्या डोळ्यांत भरतो. परंतु संबंध हंगामाची बेरीज पाहण्यास चिकाटी लागते, आणि ती खेळणाराइतकीच पाहणारासही लागते. खेळांतील श्रेष्ठत्व नेमकें कशानें ठरवावें, हा प्रश्न वरवर वाटतो तितका पोरकट नाहीं. मोठमोठ्या संस्थांनीं त्यावर शंभराहून अधिक वर्षें डोकें शिणविलें आहे. आणि त्याचें एक उत्तम उत्तर आम्हां अलीबागकरांच्या समोर, बंदरापलीकडील मुंबईंत, भर पावसांत पाहावयास मिळतें.

प्रथम थंड मुलखांतील दाखला घेऊं. पोलादी पात्यांचे बूट घालून बर्फावरून धांवण्याच्या शर्यतींचें पहिलें अधिकृत जगज्जेतेपद १८९३ सालीं ॲम्स्टरडॅम येथें ठेवण्यांत आलें. पुरुषांसाठीं अंतरें चार होतीं : ५००, १५००, ५००० व १०,००० मीटर. नियम असा कीं, चारांपैकीं निदान तीन शर्यती जो जिंकील तोच जगज्जेता. हॉलंडच्या याप ईडननें पहिल्याच वर्षीं हें साधलें. पण पुढच्याच वर्षीं, १८९४ सालीं, तें कोणासच साधलें नाहीं आणि गादी रिकामी राहिली! अर्थात् ही कसोटी फार कडक झाली. म्हणून पुढें चारही अंतरांच्या वेळा ५०० मीटरच्या एकाच मापांत आणून त्यांची बेरीज करूं लागले. १०,००० मीटरांस लागलेल्या वेळेस वीसानें भागावयाचें, ५००० मीटरांच्या वेळेस दहानें, याप्रमाणें. तरीही तो हिशेब एकाच स्पर्धेपुरता होता. ऐन वेळीं पाय घसरला, कीं वर्षाची मेहनत वायां. शेवटीं १९८५-८६ च्या हिंवाळ्यापासून विश्वचषकाची मालिका सुरू झाली. आज या गांवीं, पंधरवड्यानें त्या गांवीं. प्रत्येक ठिकाणीं क्रमांकाप्रमाणें गुण, आणि हंगामाअखेर त्यांची बेरीज. या पद्धतींत एखादा दिवस वाईट गेला तरी माणूस बुडत नाहीं. मात्र जो हजरच नाहीं, त्याच्या नांवावर शून्य पडतें.

हाच विचार आपल्याकडे त्याच्याही पुष्कळ आधीं रुजला होता. डॉक्टर होरमसजी कांगा हे मुंबईचे पारशी वैद्य आणि नामांकित क्रिकेटपटू. १९०५ सालीं पुण्यास युरोपियनांविरुद्ध त्यांनीं २३३ धांवा काढल्या होत्या, आणि १९११ सालीं इंग्लंडला गेलेल्या हिंदी संघांतही ते होते. त्यांच्या स्मरणार्थ १९४८ सालीं कांगा लीग सुरू झाली. ती पावसाळ्यांत खेळावयाची, ही कल्पना विजय मर्चंट यांची. इंग्लंडचे दोन दौरे करून आलेल्या मर्चंटांना ओल्या खेळपट्टीची पारख पुरती झालेली होती. आपल्या मुलांनीं ती विद्या घरींच शिकावी, हा त्यांचा हेतु. प्रत्येकीं चौदा संघांचे सात विभाग. वर्षअखेर गुणांप्रमाणें कोणी वरच्या विभागांत चढावयाचें, कोणी खालीं उतरावयाचें.

पावसाळ्यांतील हें क्रिकेट पाहिल्यावांचून त्याची कल्पना येणें कठीण. खेळपट्टीवर आच्छादन नाहीं. ती चिंब असतां चेंडू आळसटल्यासारखा येतो. मध्येंच ऊन पडून ती वाळूं लागली, कीं तोच चेंडू भलताच उसळी घेतो किंवा हातभर वळतो. गवत घोट्याच्या वर वाढलेलें. जमिनीलगत मारलेला उत्तम फटका दहा पावलांवर अडकून बसतो. त्यामुळें चाळीस धांवा म्हणजे एरव्हींच्या शतकाची योग्यता. अशा मैदानांत दादर युनियनच्या विठ्ठल पाटलांनीं, ज्यांना सारी मुंबई ‘मार्शल’ म्हणे, या एका लीगमध्यें सातशेंहून अधिक गडी बाद केले. अकरा वर्षांचा सचिन तेंडुलकर जॉन ब्राइट क्लबाकडून प्रथम उतरला, तोही याच लीगमध्यें.

पण आमचें लक्ष या मोठ्या नांवांपेक्षां खालच्या विभागांतील संघांकडे अधिक जातें. नोकरीनिमित्त दादर-परळला राहणारा आमच्या किनाऱ्यावरचा एखादा तरुण अशा संघांत असला, कीं पावसाळ्यांतील त्याचा रविवार घराला मिळत नाहीं. गेटवेवरून मांडव्यास येणाऱ्या लाँचा त्या दिवसांत बंद. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो नौका सुरू झाली खरी, पण समुद्र खवळला कीं तिचाही भरंवसा नाहीं. उरला तो पेण-वडखळचा रस्ता. श्रावणांतले सण त्याच्यावांचून होतात. आई म्हणते, ‘पाऊस पडून खेळच होत नाहीं, तर जातोस कशाला?’ प्रश्न रास्त आहे. सकाळीं मैदानावर जाऊन, दुपारपर्यंत तंबूंत बसून, एकही चेंडू न पडतां परत यावें लागतें, असे रविवार थोडे नसतात. परंतु ढग फांकून तीन तास खेळ झाला आणि अकरा जण जमले नाहींत, तर हातचे गुण गेले. आणि हंगामाअखेर वर चढणें किंवा खालीं उतरणें तेवढ्यावरच ठरूं शकतें. शेवटच्या गड्यानें अर्धा तास नुसती खेळपट्टी अडवून सामना वांचविला, तर वर्तमानपत्रांत त्याचें नांव येत नाहीं. गुणतक्त्यांत मात्र त्या अर्ध्या तासाची नोंद राहते. घरांतही याहून निराळें काय घडतें? सणाचें पक्वान्न पाहुण्यांच्या लक्षांत राहतें. वर्षभर वेळेवर पानांत पडलेल्या वरणभाताचा तक्ता कोणी ठेवीत नाहीं, आणि घर तर त्यावरच चालतें.

एवढें मात्र स्पष्ट सांगितलें पाहिजे कीं, गुणतक्ता म्हणजे दैवावर काढलेली हुंडी नव्हे. शिवाजी पार्क जिमखान्याचे पद्माकर शिवलकर यांचेंच उदाहरण पाहा. डावऱ्या हाताचे फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणीच्या १२४ सामन्यांत त्यांनीं ५८९ गडी बाद केले. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यांत मद्रासला तामिळनाडूविरुद्ध त्यांनीं एका डावांत १६ धांवांत आठ व दुसऱ्यांत १८ धांवांत पांच बळी घेतले. इतकें असूनही कसोटी सामना त्यांच्या वांट्यास एकदांही आला नाहीं. कारण त्याच काळीं, त्याच हाताचे बिशनसिंग बेदी भारतीय संघांत होते. २०१७ सालीं त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला. मार्च २०२५ मध्यें, वयाच्या चौऱ्यायशीव्या वर्षीं, ते निवर्तले. बेरीज एवढी मोठी, आणि बोलावणें मात्र आलें नाहीं! यावरून ती बेरीज व्यर्थ ठरली असें कोणी म्हणेल, तर तें आम्हांस मान्य नाहीं. मुंबईच्या तेव्हांच्या विजयांतून शिवलकरांचे बळी वजा केले तर काय उरतें, तें ज्यानें त्यानें पाहावें.

तेव्हां ज्या घरांतला मुलगा पावसांत भिजत मैदानावर जातो, त्या घरच्या वडीलधाऱ्यांस आमची विनंति इतकीच : रविवारीं संध्याकाळीं तो घरीं आला, कीं ‘किती काढल्यास?’ हा प्रश्न नेहमींचाच आहे. त्याच्या जोडीला ‘संघाचे गुण किती झाले?’ असेंही विचारावें. पहिल्या प्रश्नाला तो बहुधा खालीं मान घालील. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर त्याला तोंडपाठ असतें, आणि तें सांगतांना तो आपल्याबरोबर दहा जणांचीं नांवें घेतो.