सही मुलाची, इच्छा कोणाची?



अर्धांगवायूचा मोठा झटका आला की मेंदूला सूज येते. कवटी पडली हाडाची. सूज जाणार कुठे? अशा वेळी डॉक्टर कवटीचा मोठा तुकडा काढून मेंदूला जागा करून देतात. जीव वाचू शकतो, पण मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही.

युरोपातल्या तीन अभ्यासांचा एकत्रित हिशेब २००७ साली आला. साठीपर्यंतच्या रुग्णांवर ४८ तासांत शस्त्रक्रिया केल्यास शंभरातले ७८ वाचले. न केलेल्यांत २९. साठीपुढच्यांचा जर्मन अभ्यास २०१४चा. त्यात सहा महिन्यांतले मृत्यू शंभरी ७० वरून ३३ वर आले, पण पूर्ण स्वावलंबी एकही झाला नाही.

मुलांना मात्र मध्यरात्री, तासाभरात सही करावी लागते. "नको म्हटलं तर पाप लागेल का?" ही भीती आपल्या घरांत असते. पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच डॉक्टरांपुढे सांगितले होते : नेहमीचे उपचार करावेत, फार मोठे ओझे होणाऱ्या उपचारांची सक्ती नाही. म्हणजे नको म्हणणे पाप नव्हे, आणि हो म्हणणे वेडेपणा नव्हे.

म्हणून माझ्या वयाच्या मंडळींना सांगणे आहे : वाचा गेली, अंथरूण धरले, तरी जगायला आवडेल का, हे मुलांना आजच सांगा. जे 'हो' म्हणतील, त्यांच्या घरी आळीपाळीने बसायला आपण शेजाऱ्यांनी जायला हवे. नुसती प्रार्थना करून कूस बदलली जात नाही.

– एक निवृत्त शिक्षक, बेळगाव