गढूळ तळ्यातले स्फुरद

तळ्यात शैवाल किती वाढेल हे बहुधा स्फुरद ठरवते. कोणते वाढेल, यात नत्राशी असलेल्या त्याच्या प्रमाणालाही वजन असते. लिटरला १० मायक्रोग्रॅमहून कमी एकूण स्फुरद असलेल्या निवळ पाण्यात डेस्मिड आणि सोनेरी शैवाले तुरळक आढळतात. त्यापुढे डायटम व हिरवी शैवाले जोर धरतात, आणि १०० ओलांडल्यावर बऱ्याचदा नील-हरित शैवालांची सद्दी सुरू होते. कॅनडातील ऑन्टारिओत २२६ क्रमांकाच्या सरोवरात १९७३ साली मधोमध पडदा टाकून एका भागात कार्बन व नत्र, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला स्फुरद सोडले गेले. शैवालाने हिरवागार झाला तो दुसरा भाग. २२७ क्रमांकाच्या सरोवरात सोडले जाणारे नत्र १९७५ पासून घटवले, तेव्हा हवेतले नत्र बांधणारी नील-हरित शैवाले पुढे सरसावली.

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात मात्र हे आकडे जसेच्या तसे लावणे फसवे ठरते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल खारे, म्हणून पावसाचे पाणी धरणाऱ्या शेततळ्यांना इथे मोठे मोल. जमीन काळी आणि बऱ्याच ठिकाणी चोपण. सोडियममुळे मातीचे कण सुटे होऊन पाण्यात तरंगत राहतात. कपाशी-तुरीच्या वावरातले खताचे स्फुरद बरेचसे या कणांना चिकटूनच तळ्यात उतरते. प्रयोगशाळेच्या अहवालात एकूण स्फुरद भरघोस दिसते, पण शैवालाला लगेच मिळते त्यातले थोडेच. शिवाय गढूळ पाण्यात उजेड शिरत नाही, आणि तोवर कमतरता असते ती उजेडाचीच.

पावसाळा सरून पाणी थोडे निवळले की चित्र पालटते. उन्हाळ्यात पाणी आटते, तापते. तळाचा प्राणवायू संपला की लोहाने धरून ठेवलेले स्फुरद गाळातून सुटते. मायक्रोसिस्टिस या नील-हरित शैवालाला हे चांगलेच मानवते. पेशींतल्या वायुपुटिकांमुळे ते वर तरंगते आणि उजेड आधी गाठते. ते स्वतः नत्र बांधत नाही, त्यामुळे नत्राचा अंश असेपर्यंतच त्याची चलती.

म्हणून एकट्या एकूण स्फुरदावरून तळ्याची प्रत ठरवू नये. विरघळलेले स्फुरद, नत्र, पाण्याचा निवळपणा दाखवणारी सेक्की तबकडीची खोली आणि सूक्ष्मदर्शकाखालची मोजणी एकत्र वाचावी. मत्स्यतळ्यात पाणी गढूळ असताना शेणखत-सुपर फॉस्फेट टाकणे म्हणजे गाळालाच खत घालणे. हिरवी साय धरल्यावर मोरचूद टाकण्याची घाईही बरी नव्हे: पेशी फुटतात आणि आतले मायक्रोसिस्टिन हे विष पाण्यात उतरते. पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआरसाठी जागतिक आरोग्य संघटनेची दीर्घकालीन मर्यादा लिटरला अवघा १ मायक्रोग्रॅम आहे, आणि शेततळ्यावर गुरेही पाणी पितात.